शिराजला श्वास लागतो

...नाही नाही, वाइन म्हणजे सरबत असं म्हणायची हिंमतच कशी होते हो लोकांची? आणि तेही माझ्यासमोर? अहो, मी नाशिकचा! तुम्हाला सांगतो, वीस वर्षं चंडीगढला युनिव्हर्सिटीत शिकवतोय, पण दिंडोरीला भावाची शिराजची बाग आहे, आणि शिराज म्हणजे काय साधीसुधी वाटली? उताराची मुरमाड जमीन, दिवसा चटके, रात्री गारठा, त्यात पिकलेलं ते द्राक्ष... पहिल्या घोटाला जांभूळ, मागून काळी मिरी, आणि मग जीभ अशी आवळून धरते की बोलता माणूस गप्प! सोबत काय हवं? काळ्या मसाल्याचं मटण! पनीरबिनीर नाही यार, पनीर तिच्यापुढे रडतं!

आणि आमचे होऊ घातलेले व्याही, झिरकपूरचे भल्लासाहेब, फोनवर काय म्हणावेत? 'वाइन? ओ जी, ओह तां शरबत हुंदा ए!' शरबत! आमची मधुरिमा म्हणाली, 'पापा, प्लीज, पंगा मत लेना, पहले रिश्ता पक्का होने दो.' म्हटलं, पंगा कसला, फक्त एक ग्लास पाजतो. मी नाशिकचा!

रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. आता अशी दमदार लाल वाइन बाटलीतून थेट ग्लासात ओतायची नसते, तिला श्वास लागतो, जरा हवा खाऊ द्यावी लागते, म्हणून दोन बाटल्या मोठ्या काचेच्या भांड्यात ओतून टेबलावर ठेवल्या, अर्धा तास बास... पण भल्ला अडकले झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये! अर्ध्याचे दोन तास झाले, मी आपला खाली गेटवर, आणि वर घरात कोण? सासूबाई! रत्नागिरीच्या!

तुम्हीच सांगा, रत्नागिरीच्या बाईला काचेच्या भांड्यात लालभडक काही दिसलं तर ती काय समजेल? कोकम! वास यायला नको का? तर इथल्या थंडीनं नाक चोंदलेलं! साखर घातली, मीठ घातलं, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड... आणि ढवळलं हो! मला कळलं कधी? ग्लास भल्लांच्या हातात गेल्यावर! सासूबाई कानात, 'जावईबापू, सरबत तसंच अर्धवट ठेवलं होतंत, मी केलं हो पुरं.'

म्हटलं, 'अहो आई, चाखून तरी बघायचंत!' तर म्हणतात कशा, 'पाहुण्यांचं उष्टं करू?'

भल्लांनी घोट घेतला. डोळे मिटले. मधुरिमा माझ्याकडे बघतेय, मी भिंतीकडे... गेलं! लेकीचं लग्न गेलं, दिंडोरी गेली, माझी अब्रू गेली! आणि भल्लांनी ग्लास रिकामा करून दाणकन खाली ठेवला. 'ओ कमाल! प्रोफेसरसाहब, मैं हार गया जी! एह शरबत नहीं, एह असली वाइन ए! इस विच जीरा है ना?' दुसरा ग्लास, तिसरा ग्लास, मटणावर तुटून पडले, आणि चौथ्या ग्लासाला सुपारी फुटली!

आता फर्मान आलंय, लग्नात पंचवीस पेट्या हव्यात, हीच, नाशिकवाली, जिरेवाली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मधुरिमानं टेबलाखाली माझा पाय दाबला, 'पापा, एक शब्द नहीं!' मग काय करता? लेकीचं भलं झालं, आनंदच आहे हो मला, पण शिराज! माझी शिराज! परवा सासूबाई वही घेऊन बसल्या, 'जावईबापू, पंचवीस पेट्यांना जिरं किती लागेल हो?'

मी नाशिकचा... म्हटलं, आई, दोन किलो आणून ठेवलंय.