डॅफोडिलची हजामत

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी ऑपरेशनसाठी हाक येण्याची वाट पाहत होत्या आणि आजोबा बोलणी खात होते.

“मी अंथरुणात असेपर्यंत डॅफोडिलच्या पानांना हात लावायचा नाही.”

“फुलं तर सुकून गेली. नुसत्या झिपऱ्या उरल्यात. दारात बरं दिसतं का ते?”

“नाही दिसलं तरी चालेल. गेल्या वर्षी तुम्ही हिरवी पानं छाटलीत, म्हणून यंदा तीनच फुलं आली.”

“जन्मभर लोकांचे केस कापले गं मी. वाढलेलं बघवत नाही.”

“तुमची गिऱ्हाईकं तोंडाने जेवायची. डॅफोडिलचा मातीतला कंद पानांनी जेवतो. ती आपोआप पिवळी पडेपर्यंत थांबायचं.”

“बरं, नुसती टोकं सारखी करतो.”

“कात्री द्या इकडे.”

“अगं, दुकान बंद केलं तरी खिशात असते. सवय आहे.”

“द्या म्हणते ना.”

आजींनी कात्री पर्समध्ये टाकली, तेवढ्यात नर्स दारात आली.

“चला आजी. पण कात्री आत नेता येणार नाही. आजोबांकडे ठेवा.”

“मग ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठेवा, बाई. तोवर पानं पिवळी होतील.”