भाचीसाठी हेडफोन

आईशप्पत खरं हाय अप्पा, अक्षर न् अक्षर खरं — म्हंजे अक्षरं खरी हायती, मधली काही वाक्यं मी घातली. पण वीरप्पा ड्रायव्हर खरा, त्येचा ट्रक खरा, न् ह्याच काउंटरवरनं त्येनं हेडफोन नेल्ता ते बी खरं. हैदराबादची खेप करून आला न् हेडफोन आपटला की माझ्यापुढं. 'कानडी वाजतंय, मराठी वाजतंय, जहिराबाद वलांडून तेलुगू लावलं की मुकं हुतंय,' म्हन्ला. आता वायर तुटल्ती, साधी गोष्ट. पण मी कशाला सांगू? मी म्हन्लो, वीरप्पा, ह्यो महाराष्ट्र-कर्नाटकचा पीस हाय, तेलंगणात वाजवायचा तर नॅशनल परमिट लागतंय. तोंड असं ठिवून म्हन्लो, आत्ता हाय तसं. अप्पा, दुसऱ्या खेपंला त्यो परमिटची झेरॉक्स घिऊन आला! — बरं, झेरॉक्स न्हाई आणली, ते मी घातलं. फीस किती पडती एवढंच इचारलं त्येनं. पण इचारलं हेच लई झालं का न्हाई? हसा की. हसत न्हाई तुम्ही. बरं.

बसा, बसा निवांत — बर्री, कुंदर्री, कानडीत बी सांगतो, या, बसा — त्यो स्टूल हालतोय जरा, पण पाडत न्हाई कुणाला. च्या सांगू? आमच्या उमरग्यात उन्हाचा च्या न्हाई घेतला तर माणूस परगावचा म्हणून वळखू येतोय. तसं तुम्ही परगावचेच. जळकोट ना? — म्हन्ला न्हाई व्हय तुम्ही? मग मला कामून वाटलं जळकोट? टोपीवरनं. हौ, जळकोटाकडची टोपी जरा मागं झुकल्याली असती. आमचा अंदाज असतोय, दिवसभर स्टँडासमोर बसून माणसंच बगतो आमी.

मालक? मालक सोलापूरला गेलाय माल आणाय. शिवपुत्र नाव त्येचं. मी शंभू, कामाला हाय. कसा हाय म्हंजे? माणूस हाय, अप्पा. दोन हात, दोन पाय, पगार टायमावर. आता मालकाची लई तारीफ केली तर तुम्ही म्हणणार नोकर शिकवून ठिवलाय, म्हणून एक वाईट गोष्ट सांगतो — मस्करी लई करतोय. समोरच्याला कळत न्हाई मस्करी हाय का खरं हाय. बाकी व्यसन च्याचं. सुपारी सुदीक खात न्हाई. शेती? — अप्पा, तुम्ही आठशे-हजाराचा हेडफोन घ्यायलाव, वॉरंटी इचारा, चार्जिंग किती टिकतंय ते इचारा. शेती किती म्हणून इचारणारं पयलं गिऱ्हाईक तुम्हीच. न्हाई न्हाई, इचारा, गिऱ्हाईकाला सगळं इचारायचा हक्क हाय. हाय थोडी, कोरडवाहू, भाऊ करतोय. दुकान भाड्याचं. भाऊबंदात भांडण न्हाई. रंग? — हेडफोनचा ना? मालकाचा. सावळा. फ्रिजसारखा पांढराफेक न्हाई, माणसाला असतोय तसा.

तर, भाची. काय काय ऐकती म्हन्लाव भाची? सगळं. आता 'सगळं' म्हन्लं की ह्या बजेटात अवघड हुतंय बगा. दहा हजार टाका काउंटरवर, सगळं ऐकू येतंय, गाणाऱ्याच्या पोटात गुरगुरलेलं सुदीक. पण हजाराच्या आत प्रत्येक हेडफोनची एक आवड असती, माणसासारखी. ह्यो लाल बगा — ह्येला ठोका लई. हलगी, डीजे, लग्नाची वरात — कानात घातला की वरात एका कानातनं शिरून दुसऱ्यातनं भाईर पडती, घोड्यासकट. पण ह्येच्यात बाईचा गळा लावला की बाई हिरीत पडून गायली असं वाटतंय. आन् ह्यो पांढरा — ह्येच्यात गळा बेस. कानडी वचनं, भजन, कव्वाली, पेटीवरची बोटं मोजून घ्या. पण हलगी लावली तर पत्र्यावर कुणीतरी वाटाणे टाकायलंय. ही कानात खुपसायची बोंडं हायती, बिनवायरची. पोरांची लई मागणी. पण येष्टीच्या खिडकीतनं एक बोंड पडलं की दुसरं घिऊन कंडक्टरला काय इचारणार तुम्ही?

म्हणून मी म्हणतो ह्यो काळा घ्या. कान झाकतोय, गादी मऊ, ठोका बेताचा, गळा बेताचा. कशात पयला नंबर न्हाई न् कशात नापास न्हाई. बिनवायरचा हाय, पण चार्जिंग संपलं तर वायर बी लागती. मे महिन्यात कानाला घाम येतोय, ते आधीच सांगतो, मागनं म्हणू नका. तुमच्या भाचीला ह्योच बसतोय, कारण सकाळी ती आजीसंगं वचनं ऐकणार, दुपारी हलगी लावणार, आन् अभ्यासाला बसली की ते गिटार घिऊन बोंबलणारे इंग्रज — तिला म्हणं त्येच्याशिवाय केमिस्ट्री डोक्यात शिरत न्हाई — आन् त्यात चष्म्याची दांडी डाव्या कानामागं टोचती, तर गादी मऊच पायजे —

...चष्मा? कोण म्हन्लं चष्मा?

मी म्हन्लो व्हय? उगं म्हन्लो असंल. आजकाल कुणाला चष्मा न्हाई अप्पा? डावा कान — तर डावा कान सगळ्यांनाच असतोय. आजी बी सगळ्यांना असती. केमिस्ट्री... केमिस्ट्री बी हाय बऱ्याच जणींना. असं बगू नका अप्पा, हेडफोन इकणाऱ्याला अंदाज लावावाच लागतोय. डॉक्टर न्हाई का नाडी धरून सांगत काल काय खाल्लं ते.

तुम्ही एक करा, स्वतः लावून बगा. हौ, तुम्हीच. भाचीला नेऊन द्यायचा तर मामानं तपासून न्हेवा का न्हाई? — मामा, काका, आत्या, कुणीबी. टोपी काढा जरा. असं. दाबतंय का? थांबा, दुकानाच्या मोबाईलवरनं गाणं लावतो, तुमचा बटणाचा हाय ना, त्येला जोडत न्हाई हे. कानडी भजन लावतो तुमच्या आवडीचं. हां... आवाज वाढवतो... आला? आला का अप्पा? मान हलवा नुसती. आला. बेस.

अप्पा?

अप्पा, दुकानाला आग लागली.

काय ऐकू येत न्हाई ह्येला. बगा, म्हणूनच म्हणत होतो, गादी चांगली हाय. भाईरचं काय सुदीक आत जात न्हाई.

ऐका मग आता महालिंगप्पा. ऐकू येत न्हाई तवर ऐका, कारण तुमच्या तोंडावर बोलायचं म्हन्लं तर माझी मस्करी चालू हुती, थांबतच न्हाई, मला बी माहीत न्हाई कुठनं येती. मालक सोलापूरला गेला न्हाई. मालक ह्यो समोर उभा हाय, तुमची टोपी हातात धरून. तुम्ही चौकशीला आलाव हे मला सकाळीच कळलंय. आपल्याकडं पोराची चौकशी करणारा माणूस कधी चौकशी म्हणून आलाय का? बियाणाचं दुकान असलं तर बियाणं मागतोय, डॉक्टर असला तर ताप घिऊन येतोय. हेडफोनचं दुकान म्हन्ल्यावर बटणाचा मोबाईल घिऊन हेडफोन घ्यायला तुम्ही आलाव. आन् ते निमित्त तुम्हाला कुणी सुचवलं? भाचीनंच ना? 'मामा, असंच कसं जाणार, काहीतरी घ्यायला म्हणून जा, माझ्यासाठी हेडफोन बगा.' व्हय का न्हाई? माझं स्थळ तिच्या गिरिजाबाई आत्याच्या तोंडातनं घरात कुणी सोडलं? ती बी तुमची भाची, शिवप्रियाच. तुम्ही सगळे मिळून तिचं लग्न जमवायलाव असं वाटतंय तुम्हाला. मला बी असंच वाटायलं होतं की मी तिला पसंत केलं. तिनं आपल्या दोघांना जोडून घेतलंय अप्पा, हे मोबाईलला हेडफोन जोडत्यात तसं.

मान हलवायलाव. भजन चांगलं हाय, ऐका ऐका.

कॉलेजला इथं येती ना, तवा आल्ती हेडफोन घ्यायला. बजेट तुमच्याएवढंच. लाल नेला, परत आणला. पांढरा नेला, परत आणला. मी म्हन्लो, बाई, तुमचे कान एका माणसाचे हायती का चार गावचे? हसली न्हाई. तुमच्यावर गेलीय. मग मी माझी नेहमीची मस्करी केली. म्हन्लो, ह्यो काळा उलटा घातला तर गाणं शेवटाकडनं वाजतंय. वीरप्पानं परमिट इचारलं असतं बगा. हिनं गपचिप उलटा घातला, डोळे मिटून ऐकलं न् काढून ठिवत म्हन्ली, 'हौ, शेवट चांगला हाय.' तोंड एकदम सरळ. तवाच मी खलास झालो. माझ्यापुढं माझं तोंड करून उभी राहिलेली ती पयली बाई. मग मी काय केलं, त्या काळ्याची कंपनीची गादी काढून एका भारीतल्या मोडक्या सेटची आणखी मऊ गादी बसवली, चष्म्यासाठी. म्हंजे हेडफोन तिच्याकडं हायच अप्पा. तुम्ही आता घ्यायलाव त्यो नसला तरी चालतंय. फकस्त मला बगायला म्हणून घ्यायलाव तुम्ही.

आन् खरी गोष्ट ही हाय की मला भ्या वाटायलंय. तिच्या घरात शेवटचा शब्द तुमचा, तिच्या बापाचा सुदीक न्हाई, ती सांगती. तुम्ही जाऊन 'न्हाई' म्हन्लाव की ते पुण्याचं स्थळ येणार, कंपनीवालं. चांगला असंल पोरगा, मी कशाला नावं ठिवू? पगार माझ्या दुकानाएवढा — म्हंजे दुकान इकलं तर येईल तेवढा. पण त्येला इचारा अप्पा, एकदा इचारा की हिला सकाळी काय लागतंय न् दुपारी काय लागतंय. त्यो म्हणंल, सगळं ऐकती. 'सगळं' म्हन्लं की संपलं. मी काय सगळ्यात पयला नंबर न्हाई. भाड्याचं दुकान, कोरडवाहू, सावळा. पण नापास बी कशात न्हाई, एवढं बगा. मी तुमच्यापुढं नोकर झालो ते तुम्हाला फसवायला न्हाई. मालक म्हणून उभं राहिलो असतो तर च्या सांगायचाच इसरलो असतो. शंभू इसरत न्हाई, शंभूचं कुठं लग्न ठरायलंय?

झालं. गाणं बी संपत आलं असंल. काढा आता, कान गरम झाले असतील... थांबा. ही निळी लाईट कामून लुकलुकायली?

लुकलुकती म्हंजे... जोडलाच न्हाई.

मग भजन कुठं वाजायलंय? हे बारीक बारीक येतंय ते... त्या खुंटीवरनं. लालमधनं. लाल जोडलाय मोबाईलला. खुंटी ऐकायली भजन, कवाधरनं.

अप्पा, मग तुम्ही मान कशाला हलवायलता?

अप्पा, ते आगीचं बी ऐकलं का? उठला न्हाई तुम्ही. आग म्हन्ल्यावर माणूस उठतोय की. तवाच कळायला पायजे होतं मला. हे बगा, ते मधलं सगळं — म्हंजे सगळं न्हाई, काही वाक्यं — न्हाई. न्हाई, आता हे बी कोण मानणार? खरं हाय अप्पा. अक्षरं बी खरी, वाक्यं बी खरी. ह्या वेळंला मी कायच घातलं न्हाई. बोला काहीतरी. शिव्या द्या. टोपी देतो, ही घ्या टोपी.

काय?

काय म्हन्लाव? ...हा नवा बी चष्म्यावर टोचणार न्हाई ना?

न्हाई. न्हाई अप्पा. न्हाई टोचणार. ह्येची गादी बी बदलून देतो, आत्ता, तुमच्यापुढं — बसा — न्हाई बसणार? येष्टी हाय? बरं. मग हे असंच... डब्यात घालतो. ही चार्जिंगची वायर. हे वॉरंटीचं कार्ड, ह्येच्यावर दुकानाचा शिक्का असतोय, शिक्का... हितंच होता शिक्का. हातात काय राहिना आज. हा. घ्या. जपून जावा अप्पा, पायरी उंच हाय.

अप्पा. ओ अप्पा!

पैसे.

न्हाई, असं वळून बगू नका, मला कळतंय. सोडले असते तर घरी जाऊन म्हन्ला असता, पोरगं धंद्यात ढिलं हाय, पावणा दिसला की माल वाटतंय. आन् घ्यायलो तर म्हणणार चिंधी हाय. घेतोच. सोयरीक जमल्यावर बघू, आज तुम्ही गिऱ्हाईक. साडेआठशे. कमी न्हाई हुणार, मालकानं सांगितलंय.

स्कॅनर हितं — हां, बटणाचा. रोख द्या मग.