जपानच्या कुंडात धुतलेला शर्ट

सुनील, परदेशात परिषदेला निघालायस ना? मग माझं ऐक, कपडे भरपूर ने. जपानला जाताना मी नेले नाहीत.

पोलादपूरहून आई फोनवर म्हणाली होती, "दोन शर्टांवर आठवडा काढशील रे? पुरायचं नाय."

म्हटलं, "तिकडं गरम पाण्याचे झरे हायत गो आई, तिथंच धुईन."

आमच्या घरची रीतच ती. गावाकडं सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळीला गेलं की चार कपडे धुऊनच परतायचं. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलमागे तसंच कुंड दिसलं. परिषदेला आलेले चार-पाच प्राध्यापक गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून बसलेले. मी काठावर बसलो, साबणाची वडी काढली आणि प्रवासात मळलेले दोन्ही शर्ट घासायला घेतले. फेस पाण्यात पसरला, तसे प्राध्यापक एकेक करून उठून गेले. मला वाटलं, काय सभ्य माणसं, पाहुण्याला जागा करून देतायत! म्हणून पँटही धुतली.

दुसऱ्या दिवशी माझा शोधनिबंध होता. विषय : साबणामुळे झऱ्यांचं होणारं प्रदूषण. अध्यक्ष नेमके आदल्या संध्याकाळी कुंडातून सगळ्यांत आधी उठून गेलेले गृहस्थ. ओळख करून देताना म्हणाले, "समस्या यांनी काल प्रत्यक्ष दाखवलीच आहे. आज उपाय ऐकू."

मी बोलायला उभा राहिलो, तेव्हा अंगातला शर्ट अजून ओलाच होता.