उपाशी तळं

पातूरच्या एसटीत माझ्यापुढं माणिकबाई आणि त्यांची माशांवर संशोधन करणारी भाची रागिणी बसल्या होत्या. मी कान लावला नव्हता. त्यांचा आवाजच बार्शीटाकळीपर्यंत जात होता.

“आत्या, गरिबाच्या ताटात स्वस्त मासा यावा म्हणून प्रयोग होता. सरकीची ढेप एकाच तळ्यात टाकायची होती, तू दोन्हीत टाकलीस.”

“मंग दुसऱ्या तळ्यातले मासे गरीब नव्हते काय?”

“त्यांना उपाशी ठेवूनच फरक कळणार होता!”

“माह्या वावरात कोणी उपाशी राहत नाही.”

“आता दोन्हीकडचे सारखेच लठ्ठ. सगळं नव्यानं करायचं, म्हणजे आणखी सहा महिने तुझ्याकडंच मुक्काम.”

“राहा ना, बाई. पण पुढच्या खेपेलेबी माह्या हाताचा भरोसा नाही, सांगून ठेवते.”