राणेकाकांचं भविष्य

माझ्या लाइव्ह गेमिंग स्ट्रीमवर लोक शेजारच्या राणेकाकांना ज्योतिषी समजायचे, माहितीये? माझा फुटबॉलचा गेम कन्सोलवरून कॅप्चर कार्डने कॉम्प्युटरवर आणि तिथून माइकच्या आवाजासकट लोकांपर्यंत पोचायला दहा सेकंद लागतात; चॅट मात्र लगेच दिसतं. आमच्या फणसवाडीतल्या चाळीत मधली भिंत म्हणजे लाकडी पार्टिशन. माझ्यावर गोल झाला की मी 'आयला!' ओरडतो. काका ते ऐकतात आणि चॅटमध्ये टाकतात, 'आता याच्यावर गोल होणार.'

लोक गेम सोडून काकांनाच विचारायला लागले. माझं डोकं फिरलं. परवा गोल झाला तरी तोंड मिटून बसलो.

पार्टिशनवर थाप पडली. "मन्या, गप का रे? ओरड ना, लोक खोळंबलेत!"

म्हटलं, बरं झालं, हे माइकमधून गेलं. आता काकांचं बिंग फुटणार.

चॅट बघतो तर काकांनी आधीच लिहिलेलं: 'आता शेजारचा म्हातारा बोंबलणार.'