पुसलेले ठिपके

ढाक्यातल्या नीलखेत बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात सुफिया रांगेत उभी होती. तिच्या पुढे भोला बेटावरची एक नर्स वैद्यकीय मासिकाची नुकतीच शिवलेली प्रत चाळत होती.

"मोताहारचाचा, ही प्रत चालायची नाही."

"का गं माई? अस्सल मासिक घेशील तर महिन्याचा पगार जाईल. अक्षर बघ कसं मोत्यासारखं उठलंय!"

"अक्षर उठलं, आकड्यांतले ठिपके गेले. इथे दीड मिलीग्रॅमचे पंधरा झालेत. डॉक्टर नसला की आम्ही हेच उघडून सुई भरतो."

"अगं, कागद स्वच्छ दिसावा म्हणून मी डाग पुसायचं बटण दाबतो. यंत्राला डाग काय नि ठिपका काय!"

"मग राहू देत डाग. पुन्हा काढा."

"तासभर लागेल. तुझी लाँच सुटेल."

"सुटू दे."

मागून कुणी ओरडलं, "चाचा, आम्ही इथेच संसार थाटायचा का?"

चाचांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माई... याच अंकाच्या अकरा प्रती गेल्यात गं माझ्याकडून. बरिसालला, हातियाला..."

"फोन नंबर?"

"वहीत आहेत."

"तुम्ही यंत्र लावा. मी फोन लावते."

सुफियाने आपले कागद पिशवीत घातले आणि मोबाइल काढला.

"आपा, अर्धे नंबर मला सांगा."