म्हात्रेकाकांना वास येत नव्हता

अरे, केमिस्ट्रीची लॅब सोडून मी वकील झाले ना, तेव्हाची गोष्ट. ठाकुर्लीचे म्हात्रेकाका माझे अशील. केमिकल कारखान्यातल्या वाफांनी त्यांना वास येणं बंद झालेलं, म्हणून कंपनीवर भरपाईचा दावा. कंपनी म्हणायची, नाटक आहे. खरं सांगू, मलाही थोडी शंका होती.

एकदा ते माझ्या घरी आलेले. मी गॅसवर दूध ठेवलं आणि बाल्कनीत फोनवर बोलत राहिले. आत आले तर घरभर करपल्याचा वास, आणि काका शांतपणे पेपर वाचतायत.

"काका, दूध करपलं!"

"हो का? म्हणून तर बायको मला घरी एकटं सोडत नाही. गॅस सुटला तर कळायचं नाही मला. दोन वर्षं माहेरी गेली नाही ती."

दुसऱ्याच दिवशी मी काकूंचं प्रतिज्ञापत्र केलं. आम्ही जिंकलो. निकालात वाफांबद्दलच्या माझ्या केमिस्ट्रीला एक ओळ होती, काकूंना अख्खं पान.